पाहुणचाराचे देणे

परदेशात एखाद्या परक्या कुटुंबात आठ-पंधरा दिवस राहून आलेल्या आपल्या माणसाचा लेख ज्याने कधी वाचला नाही, असा मराठी वाचक आता सापडणे कठीण. मराठी प्रवासवर्णनाचा हा एक ठरीव प्रकारच होऊन बसला आहे. स्टेशनवर यजमानीणबाई नावाची पाटी हातात धरून उभ्या असतात; घरी गेल्यावर स्वच्छ खोली, पांढरी चादर, खिडकीत फुलांची कुंडी; पाहुणा शाकाहारी म्हणून त्या दिवशी सारे घर बटाट्यावर राहते; निघतेवेळी यजमानीणबाईंचे डोळे भरून येतात आणि लेखकाचेही. शेवटचे वाक्यही ठरलेले असते : माणूस इथून तिथून सारखाच. या लेखांतील भावना खोटी असते असे आमचे मुळीच म्हणणे नाही. ती खरी असते, म्हणूनच तिच्याविषयी चार शब्द बोलणे अवश्य झाले आहे. ज्याने परक्याच्या घरी पंधरा दिवस अन्न खाल्ले त्याच्यावर एक देणे चढले. ते देणे गोड लेख लिहिला म्हणजे फिटते, असा जो समज आमच्या सुशिक्षित वर्गात रूढ झाला आहे, तो आम्हांस साफ अमान्य आहे.

हे देणे यजमानाला परत करता येत नाही; त्याची तशी अपेक्षाही नसते. ते फेडावयाचे असते आपल्या गावी, आपल्या उंबऱ्यापाशी उभ्या राहिलेल्या तिसऱ्याच परक्याला. आणि येथे आमचा वर्ग, नुसते स्पष्ट बोलावयाचे तर, दिवाळखोर आहे.

आम्ही राहतो ते पिंपरी पेंढार हे गाव जुन्नर तालुक्यात, माळशेज घाट चढून नगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, ओतूर आणि आळेफाटा यांच्या दरम्यान आहे. कांदा आणि ऊस पिकविणारा हा मुलूख. परंतु येथील मुलेमुलीही आता शिक्षणासाठी समुद्रापार जाऊ लागली आहेत, ही आनंदाचीच गोष्ट. अशीच एक मुलगी परमुलखातील एका कुटुंबात काही महिने राहून आली, तेव्हा तिचा सत्कार झाला. वक्त्यांनी त्या परकीय कुटुंबाचे गुण गायिले आणि प्रत्येकाने न चुकता सांगितले की, यात नवल ते काय. पाहुण्याला देव मानण्याची शिकवण जगाला आपणच दिली. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या ओसरल्यावर त्या मुलीने एक साधा प्रश्न विचारला. तिच्या यजमानांची लेक पुढल्या हिवाळ्यात इकडे येऊ म्हणते. ती कोणाच्या घरी उतरेल? कोणी म्हणाले, आळेफाट्याला लॉज आहेत. कोणी म्हणाले, तिला आपले जेवण तिखट लागेल. एका सद्गृहस्थाने तर बिबट्याचे कारण पुढे केले. बिबट्या आमच्या उसात आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु तो पाहुण्याच्या पासपोर्टाची चौकशी करून हल्ला करतो, असे अद्याप ऐकिवात नाही.

अतिथीला देव मानावे, असा उपदेश तैत्तिरीय उपनिषदात आहे आणि तो थोर आहे, यात शंका नाही. परंतु हजारो वर्षे त्याचा जप करून आम्ही त्याचे काय केले आहे ते पाहा. देवाला आम्ही कसे वागवितो? त्याला पाटावर बसवितो, नैवेद्य दाखवितो, आरती करतो आणि वेळ झाली म्हणजे विसर्जन करतो. त्याला मीठ कमी लागते की जास्त हे विचारीत नाही. त्याचे मत ऐकून घेण्याचा प्रसंग येत नाही. स्वयंपाकघरात येऊन त्याने पोळ्या लाटल्या तर आम्हांला घेरी येईल. आमचा पाहुणाही असाच देव झाला आहे. त्याला पाच पक्वान्ने वाढावी, चौथी पोळी बळेच घालावी, आणि तो कोण, कोठला, त्याला काय खुपते, याची यत्किंचितही विचारपूस न करता नारळ देऊन वाटेला लावावा. आणि ही देवपूजासुद्धा कोणाची? जो आपल्या जातीचा, आपल्या ओळखीचा, निदान आपल्याहून वरच्या हुद्द्याचा, त्याची. बाकीच्यांना ओसरी आहे.

आमच्या तालुक्याचा इतिहास या बाबतीत मोठा बोधप्रद आहे. सातवाहनांच्या काळी नाणेघाटातून वर येणारा माल जुन्नरात उतरे आणि मालाबरोबर माणसेही येत. येथील लेण्यांतील ब्राह्मी लेखांत तीन यवनांची नावे कोरलेली आहेत. इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या. चंद नावाच्याने लेण्याच्या गाभ्याचे दार दिले. आणि चित नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला काय दिले असेल? भोजनमंडप! दूरदेशीहून आलेल्या माणसाने शिवनेरीच्या कड्यात इतरांना जेवावयास बसण्याची जागा करून दिली. ज्या भूमीत त्याला आसरा मिळाला तेथेच, त्याला अनोळखी अशा वाटसरू भिक्षूंच्या पंगतीसाठी, त्याने आपले देणे फेडले. त्याने प्रवासवर्णन लिहिले असल्यास ते आमच्यापर्यंत आलेले नाही.

पुढे १४७० च्या आसपास, बहामनी अमलात, अफानासी निकितिन हा रशियातील त्वेर गावचा व्यापारी चौलला उतरून जुन्नरास आला आणि पावसाळ्याचे दोन महिने येथे राहिला. त्याच्या वृत्तांतात या मुक्कामाचे दोन यजमान दिसतात. एक जुन्नरचा अधिकारी असदखान. त्याने निकितिनचा घोडा हिसकावून घेतला आणि सांगितले की, मुसलमान होशील तर घोडाही मिळेल आणि वर हजार मोहराही. चार दिवसांची मुदत. खुरासानचा एक भला गृहस्थ मध्ये पडला म्हणून बिचाऱ्याचा घोडा सुटला आणि धर्मही राहिला. दुसरा यजमान म्हणजे नाव नसलेल्या बाया. परदेशी व्यापारी उतारशाळेत राहतात आणि तेथील मालकिणी त्यांना रांधून घालतात, अंथरूण घालून देतात, असे तो लिहितो. याच प्रवाश्याने हेही टिपून ठेवले आहे की, येथील एका पंथाचा माणूस दुसऱ्या पंथाच्या माणसाबरोबर खातपीत नाही. म्हणजे साडेपाचशे वर्षांपूर्वी आलेल्या पाहुण्याने आमचा पाहुणचार नेमका पाहिला होता : अधिकाऱ्याला पाहुण्याचे मन हवे होते, पंक्तीला त्याचा विटाळ होता, आणि त्याचे पोट भरले ते रांधणाऱ्या बायकांनी.

हे जुने झाले, असे म्हणणारांस आम्ही १९१७ सालच्या बडोद्याची आठवण देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्क आणि लंडन येथे राहून, बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या करारानुसार तेथे नोकरीवर रुजू होण्यास गेले. परदेशातील त्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहो ही जाणीव आपल्या मनातून पार पुसून टाकली होती, असे त्यांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मपर टिपणांत नमूद केले आहे. बडोद्याच्या स्टेशनात उतरताच ती परत आली. कारण प्रश्न एकच होता, उतरावे कोठे? एका पारशी उतारशाळेत पारशी नाव सांगून त्यांनी जागा मिळविली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत चालते होण्याचे फर्मान सुटले. बडोद्यात दोन स्नेही होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती गृहस्थ पत्नीला विचारून सांगतो म्हणाला. ते दांपत्य मूळचे ब्राह्मण घराण्यातले होते आणि उत्तर काय येणार हे उघड होते. दिवसाचे पाच तास कामाठी बागेत काढून हा कोलंबिया विद्यापीठाचा विद्वान रात्रीच्या गाडीने मुंबईस परतला. या एका प्रसंगात हिंदू, पारशी आणि ख्रिस्ती अशी तिन्ही दारे लागली, हे ध्यानात घ्यावे. पाहुण्याला देव मानणाऱ्या देशात एका माणसाला माणूस म्हणून अंग टेकण्यास जागा मिळाली नाही. आणि पुण्या-मुंबईच्या गृहनिर्माण संस्थांत भाडेकरूचे आडनाव व त्याच्या ताटातील पदार्थ विचारून मग खोली नाकारली जाते, हे आजही कोणास ठाऊक नाही?

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. याहून चौतीस वर्षे आधी, ४ जून १८८३ रोजी, आनंदीबाई जोशी न्यूयॉर्कच्या बंदरात उतरल्या. वय अठरा. नवरा बरोबर नाही. त्यांना उतरवून घेण्यास आलेल्या बाईचे त्यांनी तोवर तोंड पाहिले नव्हते. ही ओळख कशी झाली ती हकीकत प्रसिद्धच आहे. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. धर्मांतराचा उपदेश जोडून ते मिशनच्या मासिकात छापले गेले. आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी १८८० च्या सुमारास ते दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत असता वाचले. मासिकाने धर्मांतर सुचविले होते. बाईंना त्यातून एवढेच दिसले की, एका मुलीला शिकावयाचे आहे आणि तिला राहण्यास घर नाही. त्यांनी पत्र धाडले. तीन वर्षे पत्रे जात-येत राहिली आणि मुलगी त्या बाईंना मावशी म्हणू लागली, ती त्यांच्या घरात पाऊल टाकण्यापूर्वीच.

कार्पेंटरबाईंचे मोठेपण कशात, हे आमच्या चरित्रकारांनी पुष्कळदा चुकीच्या ठिकाणी शोधले आहे. त्यांनी आनंदीबाईंना प्रेमाने वागविले, हे खरेच. परंतु प्रेम अनेकजण करतात. आनंदीबाई निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत सांगून आल्या होत्या की, मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. आणि मावशीच्या घरी ही प्रतिज्ञा पाळणे त्यांना जड गेले नाही. लुगडे राहिले, शाकाहार राहिला, कुंकू राहिले. त्या घरच्या चुलीवर आनंदीबाईंनी आपल्या पद्धतीचा स्वयंपाक केला आणि यजमानीणबाईंनी शेजाऱ्यांना जेवावयास बोलाविले. पाहुण्याने रांधावे आणि यजमानाने पाहुण्याच्या रीतीने जेवावे, येथे पाहुणचार पुरा झाला. देवपूजेत हे कधी घडत नाही.

प्रेमळ यजमान आणि चांगला यजमान यांत केवढे अंतर असते, ते त्याच १८८३ साली इंग्लंडात गेलेल्या पंडिता रमाबाईंना विचारावे. वाँटेज येथील सिस्टर्सनी त्यांना आणि त्यांच्या लहानग्या मुलीला आश्रय दिला. ममतेत उणे काही ठेवले नाही. रमाबाईंनी त्याच वर्षी सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला. तरीही खटका उडालाच. रमाबाई मांसाहार करीत नाहीत यात सिस्टर जेराल्डीन यांना जातीचा ताठा दिसे. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे रमाबाईंनी विचारले तर तो हट्ट ठरला. ईश्वराविषयी त्यांचे मत त्यांचे स्वतःचे असावे, ही गोष्ट तर यजमानांना कृतघ्नपणाचीच वाटली असावी. हे दुष्टपणाने झाले नाही. ज्याला आपण आपल्या घरचे अन्न घातले त्याचे मनही आपल्याच साच्याचे व्हावे, असे वाटणे मनुष्यस्वभावास धरून आहे. जुन्नरच्या खानालाही तेच वाटले होते, त्याने मोहरा देऊ केल्या एवढाच भेद.

आता देणे कसे फेडले ते पाहू. आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेऊन, त्या वर्षअखेरीस क्षयाने खंगलेल्या स्थितीत परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कोल्हापूरच्या दवाखान्यातील स्त्रियांचा विभाग त्यांची वाट पाहत राहिला. त्यांची रक्षा मात्र समुद्रापार गेली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे मावशीच्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली. आमच्याकडे भाऊबंद मेला तरी वाटणीचा दगड हलवीत नाहीत. त्या बाईंनी परधर्मीय मुलीला आपल्या मृतांत घेतले.

रमाबाईंना आयुष्य मिळाले आणि त्यांनी देणे फेडले. त्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेस गेल्या, दोन-अडीच वर्षे तेथील घराघरांतून राहिल्या, आणि त्या लोकांविषयी १८८९ साली मराठीत एक मोठे पुस्तकही लिहिले. म्हणजे प्रवासवर्णन त्यांनीही लिहिले! परंतु त्याच वर्षी मुंबईत शारदासदन उघडले. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात, ज्यांना कोणी दारात उभे करीत नव्हते अशा शेकडो मुली व विधवा आमच्याच जिल्ह्यातील केडगावी आणून त्यांना घर दिले. जी वागणूक वाँटेजला त्यांना खुपली तिचाच आरोप १८९३ साली त्यांच्या सदनावर आला, मुली धर्मांतराकडे ओढल्या जातात असा. आणि तो सर्वस्वी निराधार होता असे म्हणण्यास आम्ही तयार नाही. यजमानपद हे इतके निसरडे असते. तरीही आरोप करणाऱ्यांपैकी किती जणांनी आपल्या वाड्यातली एक खोली एका दुष्काळी मुलीसाठी मोकळी केली, हा प्रश्न उरतोच.

पाहुणचाराविषयी बोलताना आमचे पुरुष ‘आमचे घर’, ‘आमची परंपरा’ असे शब्द योजतात. धूर कोणाच्या डोळ्यांत जातो? रात्री दहा वाजता चार पाहुणे घेऊन येणारा गृहस्थ उदार म्हणून गावात मिरवतो. पुन्हा चूल पेटविणारी बाई त्या औदार्याच्या हिशेबात कोठेच नसते. म्हणूनच ‘होमस्टे’विषयी आमच्या मित्रांनी चालविलेली कुरकुर आम्हांस पटत नाही. जुन्नर हा २०१८ साली विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. २०२० साली राज्याचे कृषिपर्यटनाचे धोरण आले. आणि आमच्या भागातील काही शेतकरी कुटुंबे शहरच्या लोकांना घरी उतरवून घेऊ लागली. त्यावर ओरड अशी की, संस्कृती विकली जात आहे. विकली जाते ती भाकरी आणि खोली, आणि रांधणाऱ्या बाईच्या हाती प्रथमच तिच्या श्रमाचे चार पैसे पडत असतील, तर त्यात लाज वाटण्याजोगे काय आहे? फुकट म्हणून मिरविलेल्या आणि बायकांच्या पाठीवर लादलेल्या पाहुणचारापेक्षा दर सांगून केलेला पाहुणचार अधिक सचोटीचा आहे. मात्र जो पाहुणा पैसे देऊ शकत नाही, त्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, हे कबूल केले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९ साली डेन्मार्कमध्ये जमलेल्या काही तरुणांनी त्यावर एक उपाय काढला. देशोदेशींच्या यजमानांची यादी करावयाची, प्रवाश्याने बहुधा दोन रात्री राहावयाचे, पैशाचा व्यवहार नाही. पुढे ही चळवळ ‘सर्वास’ या एस्परांतो नावाने जगभर पसरली. दोन रात्री! एवढ्याने कोणाचे घर मोडत नाही.

घर लहान आहे, असे सांगितले जाते. कार्पेंटरबाईंचे घरही राजवाडा नव्हते. सासूबाईंना चालणार नाही, असेही सांगितले जाते. परंतु पंढरीच्या वाटेवरच्या घरांत आषाढीला अनोळखी वारकऱ्यांना पिठले-भाकरी वाढणाऱ्या बहुधा सासूबाईच असतात, आणि त्या जात विचारीत बसत नाहीत. आमच्या अनुभवास तर उलटेच येते : अडचण सासूबाईंची नसून सुशिक्षित मुलाच्या नव्या फ्लॅटमधील गालिच्याची असते. खोडदच्या दुर्बिणीवर काम करण्यास देशोदेशीचे शास्त्रज्ञ गेली अनेक वर्षे आमच्या तालुक्यात येत आहेत. त्यांतील किती जण आमच्यापैकी कोणाच्या घरी जेवून गेले? पुण्यात आफ्रिकेतले आणि ईशान्येकडचे हजारो विद्यार्थी शिकतात. दिवाळीच्या सुट्टीत वसतिगृहे ओस पडतात तेव्हा ते जेवतात कोठे, हे आमच्यातील ज्या गृहस्थाने बर्लिनमध्ये परक्या घरी नाताळ साजरा केला त्याला तरी ठाऊक आहे काय?

या मासिकाच्या संपादकांस आमची एक सूचना आहे. परदेशी कुटुंबातील मुक्कामाचे लेख त्यांनी अवश्य छापावे. ते वाचनीय असतात. परंतु लेख हाती येताच लेखकाला एक कार्ड टाकून विचारावे की, गेल्या बारा महिन्यांत आपल्या घरी, आपल्या जातीचा नव्हे, नात्याचा नव्हे, कचेरीतला नव्हे, असा कोण माणूस किती रात्री राहिला. आणि आलेले उत्तर, जसेच्या तसे, लेखाच्या खाली छापावे.